पॉलिहाऊसची थंडी आणि डोंगरातलं लाकूड

भोर-वेल्ह्याकडे संरक्षित शेतीचा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो. 'आमच्याकडे डोंगरभर लाकूड आहे. डिसेंबर-जानेवारीत फुलं गारठतात, कळ्या अडकून बसतात. मग पॉलिहाऊसला एक भट्टी जोडली आणि रात्रभर लाकूड जाळलं, तर नाही का परवडणार? परदेशात तर काचघरं तापवूनच फुलं काढतात.'

प्रश्न रास्त आहे. लाकूड स्वस्त आहे, थंडी खरी आहे आणि परदेशात तापवतात हेही खरं आहे. तरीही हिशेब मांडला की उत्तर वेगळं येतं. ते का, हे समजून घेण्यासाठी आधी थंडी, मग प्लास्टिक, मग लाकूड आणि शेवटी डोंगर, असं एकेक पाहत जाऊ.

१. थंडीने नेमकं काय बिघडतं

जरबेराला रात्री साधारण १२ ते १६ अंश तापमान मानवतं, डच गुलाबाला १५-१६ लागतं, ढोबळी मिरचीला त्याहूनही जास्त. कार्नेशनला मात्र १०-१२ अंशांची रात्र आवडते. पुणे जिल्ह्यात थंडीच्या लाटेत पहाटेचा पारा दहाच्या खाली येतो. नीरा, वेळवंडी, गुंजवणी यांच्या खोऱ्यांत डोंगरउतारावरची गार हवा रात्री खाली उतरून साचते, त्यामुळे नदीकाठचं शेत टेकाडावरच्या शेतापेक्षा जास्त गारठतं.

एवढ्या थंडीने झाड मरत नाही, मंदावतं. गुलाबाची छाटणी केल्यापासून फूल येईपर्यंत एरवी साधारण सात आठवडे लागतात, थंडीत त्यात काही दिवसांची भर पडते. मिरचीची फळं वाकडीतिकडी धरतात. हिमकण पडून पीक जळण्याचा प्रकार शेजारच्या महाबळेश्वरात वेण्णा तलावाच्या परिसरात होतो, भोरच्या शेतांत तो नेहमीचा नाही. आपला तोटा उशिराचा आणि घटलेल्या उत्पन्नाचा आहे, पीक हातचं जाण्याचा नाही. हा फरक लक्षात ठेवा. पुढचा सगळा हिशेब त्यावर उभा आहे.

२. इथलं पॉलिहाऊस उष्णता बाहेर टाकण्यासाठी बांधलेलं असतं

युरोपातलं काचघर ऊब धरून ठेवण्यासाठी असतं. आपल्याकडचं पॉलिहाऊस वेगळ्या गरजेतून आलं. पावसाचा मार, कडक ऊन आणि कीड बाहेर ठेवायची, पण आतली गरम हवा मात्र निघून गेली पाहिजे. जानेवारीतसुद्धा दुपारी पडदे वर केले नाहीत, तर आत पारा पस्तिशी ओलांडतो.

एखाद्या दहा गुंठ्यांच्या पॉलिहाऊसमध्ये रात्री उभं राहून वर पाहा. बाजूचे पडदे खाली सोडलेले असतात, कडा मातीत दाबलेल्या असतात, सगळं बंद वाटतं. पण माथ्यावर, प्रत्येक कमानीच्या उंच टोकाशी, एक लांब फट असते. तिला कीड अडवणारी जाळी असते, प्लास्टिक नसतं. दिवसा गरम हवा तिथून निघून जाते. रात्री भट्टी पेटवली तर भट्टीची हवाही तिथूनच जाईल. अशा घरात लाकूड जाळणं म्हणजे गळक्या घागरीत पाणी भरत राहणं. म्हणून पहिला खर्च भट्टीचा नसतो. ती फट बंद-उघड करता येईल अशी करणं, हा पहिला खर्च.

प्लास्टिकचा स्वतःचाही एक दोष आहे. दिवसभर तापलेली जमीन रात्री उष्णतेचे अदृश्य किरण आकाशाकडे सोडत असते. काच ते बऱ्यापैकी अडवते, साधं पॉलिथिन बरंचसं जाऊ देतं. त्यामुळे निरभ्र, वारा नसलेल्या रात्री कधी कधी पॉलिहाऊसच्या आत बाहेरपेक्षाही गार होतं. थर्मिक गुणाचं प्लास्टिक हे किरण काही प्रमाणात रोखतं. झाडांच्या वर संध्याकाळी ओढायचा आडवा पडदाही तेच काम करतो. असा पडदा नीट बसवला तर रात्रीचा उष्णतेचा ऱ्हास एक तृतीयांशापर्यंत कमी होऊ शकतो, आणि त्याला रोज खाऊ घालावं लागत नाही.

३. एक किलो लाकडात किती ऊब असते

उष्णता मोजायला वीजबिलावरचं युनिटच वापरू. हजार वॅटची शेगडी तासभर चालली की एक युनिट.

नीट वाळलेल्या, म्हणजे वजनाच्या पाचव्या हिश्श्याइतकंच पाणी उरलेल्या एक किलो लाकडात सुमारे ४ युनिट उष्णता असते. हेच लाकूड ओलं असेल, निम्मं वजन पाण्याचं असेल, तर जेमतेम सव्वादोन युनिट मिळतात. कारण दुहेरी आहे: किलोमागे लाकूडच कमी, आणि जे आहे त्याच्या आगीतला काही भाग पाण्याची वाफ करण्यात जातो. ओलं लाकूड किलोवर विकत घेणारा निम्मे पैसे पाण्याचे मोजत असतो. लाकूड ऐन, किंजळ की सुबाभूळ, याने किलोमागच्या उष्णतेत फारसा फरक पडत नाही. फरक पाडतो तो ओलावा.

ही सगळी उष्णता झाडांपर्यंत पोचत नाही. धुराड्यातून बरीच निघून जाते. साध्या पण बऱ्या बॉयलरने १०० पैकी ६० भाग उपयोगी लावले असं धरू. म्हणजे किलोमागे हाती लागली २.४ युनिट.

इथे कोणी म्हणेल, मग धुराडं हवंच कशाला, आतच शेगड्या ठेवू. हे करू नये. लाकडाच्या धुरात इथिलीन वायू असतो. हाच वायू केळी पिकवतो, आणि फुलांना तो लवकर म्हातारं करतो. कार्नेशनच्या पाकळ्या मिटून जातात, कळ्या गळतात. शिवाय बंद जागेतला कार्बन मोनॉक्साइड आत काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर उठतो. भट्टी बाहेर आणि आत फक्त गरम पाण्याचे पाइप, एवढा एकच सुरक्षित मार्ग आहे. आणि त्याला पैसे लागतात.

४. दहा गुंठ्यांचा हिशेब

महामार्गालगत नसरापूरच्या बाजूला दहा गुंठ्यांचं, म्हणजे साधारण १,००० चौरस मीटरचं जरबेराचं पॉलिहाऊस आहे असं समजा. छत आणि बाजू धरून प्लास्टिकचं क्षेत्र १,५०० चौरस मीटर. एकेरी प्लास्टिकच्या एका चौरस मीटरमधून, आतबाहेरच्या तापमानात एका अंशाचा फरक असेल, तर सुमारे ६ वॅट उष्णता निसटत राहते.

आपल्याला मध्यरात्रीपासून सकाळी सातपर्यंत आतली हवा बाहेरपेक्षा सरासरी ४ अंशांनी उबदार ठेवायची आहे. १,५०० गुणिले ६ गुणिले ४ म्हणजे ३६,००० वॅट, तासाला ३६ युनिट. फटींतून जाणाऱ्या हवेचे आणखी ९ धरू, झाले ४५. सात तासांचे ३१५ युनिट. त्याला २.४ ने भागलं की एका रात्रीचं लाकूड निघतं: सुमारे १३० किलो.

थंडीच्या ६० रात्री धरल्या तर ७,८०० किलो. आठ टनांना थोडं कमी. फोडून, वाळवून, जागेवर पोच लाकूड ५ रुपये किलोने पडलं असं धरू. खर्च ३९,००० रुपये. रात्री जागून लाकूड सारायला माणूस लागेल, ५०० रुपये रात्रीप्रमाणे ३०,०००. बॉयलर, पाइप, पंप आणि माथ्याची फट बंद करण्याची सोय मिळून ४ लाख धरले आणि ते दहा वर्षांत विभागले, तर वर्षाला ४०,०००. व्याज धरलेलंच नाही. एकूण १,०९,००० रुपये.

आता दुसरी बाजू. दहा गुंठ्यांत जरबेराची साधारण ६,००० रोपं बसतात. रोपाला वर्षाला ४० फुलं धरली तर वर्षाची २,४०,००० आणि दोन महिन्यांची ४०,००० फुलं. थंडीने त्यातली चौथाई, म्हणजे १०,००० फुलं कमी मिळाली असं मानू, आणि भट्टीने ती सगळीच्या सगळी परत मिळवून दिली असंही मानू. ३ रुपये दराने ३०,००० रुपये येतात. त्यात लाकडाचेही पैसे फिटत नाहीत. भट्टी परवडायला त्या वाढीव फुलांना प्रत्येकी ११ रुपये मिळायला हवेत, तेही दोन्ही महिने.

दर आणि मजुरी तुमच्या गावात वेगळी असेल, आकडे बदलून पाहा. पण एक गोष्ट बदलणार नाही. लाकूड हे यातलं सर्वांत स्वस्त इंधन आहे. हीच ३१५ युनिट ८ रुपये दराच्या विजेने घेतली तर रात्रीचे अडीच हजार होतात, लाकडाचे साडेसहाशे. तरीही गणित बसत नाही, कारण खर्चाचा मोठा वाटा रात्रपाळी आणि लोखंडाचा आहे. लाकूड अगदी फुकट मिळालं, तरी ७०,००० रुपये उरतातच.

५. मग तिकडे कसं परवडतं?

नेदरलँड्समध्ये सुमारे दहा हजार हेक्टर काचघरं आहेत. तिथल्या हिवाळ्यात तापवलं नाही, तर उशीर होण्याचा प्रश्नच नसतो, पीकच नसतं. ऊब थेट आख्ख्या पिकाची किंमत मिळवून देते, त्यामुळे ती महागही चालते. तीसुद्धा मुख्यतः नैसर्गिक वायूवर, बरेचदा त्याच वायूपासून वीज बनवून उरलेल्या उष्णतेवर. २०२२ मध्ये युक्रेन युद्धानंतर वायूचे दर भडकले, तेव्हा तिथल्याही अनेक उत्पादकांनी काचघरं काही काळ रिकामी ठेवली.

युरोपात लाकडाचे तुकडे आणि गोळ्या जाळून काचघरं तापवतात, पण त्यामागे बहुतेक ठिकाणी सरकारी अनुदानाचा हात असतो. ते अनुदान चुकलं तर काय होतं, हे उत्तर आयर्लंडने दाखवलं. तिथे २०१२ मध्ये लाकडाच्या बॉयलरसाठी योजना आली. मिळणारं अनुदान इंधनाच्या खर्चापेक्षा जास्त होतं आणि त्याला वरची मर्यादा नव्हती. जितकं जास्त जाळाल तितके जास्त पैसे. २०१६ मध्ये योजना नव्या अर्जदारांना बंद करावी लागली, आणि त्या वादात जानेवारी २०१७ मध्ये तिथलं प्रादेशिक सरकार कोसळलं. आपल्याकडे उद्या कोणी 'हरित उष्णता' म्हणून लाकडावर अनुदान मागितलं, तर हा दाखला आधी वाचला पाहिजे.

६. डोंगराचा हिशेब

आतापर्यंत आपण लाकडाला ५ रुपये किलो भाव दिला. त्या भावात तोड आहे, वाहतूक आहे, लाकूड फोडणं आहे. झाड वाढायला लागलेली वर्षं त्यात नाहीत.

उतारावरच्या विरळ झालेल्या मालकी रानातून, जंगल आणखी न घटवता, एका हेक्टरला वर्षाकाठी दोन टन जळाऊ लाकूड निघेल असं धरू. आपल्या दहा गुंठ्यांना एका हिवाळ्यात जवळजवळ आठ टन हवं. म्हणजे चार हेक्टर, दहा एकर डोंगर. दहा गुंठ्यांच्या फुलांमागे चारशे गुंठे रान, दरवर्षी, कायमचं बांधलेलं. एका गावात अशी वीस पॉलिहाऊसं झाली तर दोनशे एकर. माझ्या मते या साऱ्या चर्चेतला सर्वांत बोलका आकडा हाच आहे, आणि तो कुठल्याच प्रकल्प अहवालात नसतो.

वेल्हे तालुक्याने (आता त्याचं नाव राजगड) हे एकदा भोगलेलं आहे. पानशेत धरणाच्या कामासाठी आंबी नदीच्या खोऱ्यात रस्ते आले आणि रस्त्यामागून कोळशाचे व्यापारी. जमिनी पाण्याखाली जाणार म्हणून हवालदिल झालेल्या शेतकऱ्यांनी डोंगरावरची झाडं कवडीमोलाने विकली आणि उतार उघडे पडले, हे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ यांनी लिहून ठेवलं आहे. त्यांनी आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी १९७० च्या दशकात सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला. भोवतालचं रान गेल्यावर जुनी झाडं टिकली ती देवाच्या नावाने राखलेल्या या तुकड्यांतच.

पण कोळसाच का, लाकूड का नाही? याचंही उत्तर अर्थशास्त्रात आहे. मातीने झाकलेल्या पारंपरिक भट्टीत सहा किलो लाकडाचा सुमारे एक किलो कोळसा होतो. सहा किलो लाकडात २४ युनिट असतात, एक किलो कोळशात ८. दोन तृतीयांश ऊब रानातच जळून जाते. पण राहिलेला माल किलोमागे लाकडाच्या दुप्पट उष्णतेचा असतो, धूर कमी करतो आणि ट्रकमधून पुण्याला न्यायला सोपा पडतो. वाहतूक महाग आणि झाड फुकट असेल, तर दोन तृतीयांश उष्णता वाया घालवणंही व्यापाऱ्याला परवडतं. भट्टी लावणाऱ्या कातकरी कुटुंबाच्या वाट्याला मात्र कित्येक दिवसांची धग आणि थोडी मजुरी येते.

आज मालकी रानातही ऐन, किंजळ, जांभूळ, हिरडा, आंबा अशी झाडं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. १९६४ च्या महाराष्ट्र झाडतोड नियमन कायद्याने ती संरक्षित आहेत. त्यामुळे 'आमच्या डोंगरात लाकूड आहे' आणि 'आमच्या भट्टीला लाकूड आहे' ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

७. राब: याच मातीतली जुनी भट्टी

रोपांसाठी लाकडाची ऊब वापरणं भोर-वेल्ह्याला नवीन नाही. भाताच्या रोपासाठी राब भाजणं म्हणजे तेच.

उन्हाळ्यात रोपाच्या वाफ्यावर शेणाचा थर देतात. त्यावर ऐनासारख्या झाडांची छाटून वाळवलेली टहाळ, मग पालापाचोळा, गवत आणि सगळ्यांवर बारीक मातीचा हलका थर. ही माती उगीच नसते. ती ज्वाळा दाबते आणि आग धुमसत ठेवते. पेटवायचंही वाऱ्याच्या उलट बाजूने, म्हणजे आग धावत न जाता सावकाश सरकते आणि धग खाली मातीत उतरते. तणाचं बी भाजून निघतं, राख मिळते आणि पहिल्या पावसानंतर पेरलेलं रोप जोमाने उठतं.

ब्रिटिश काळात राबावरून मोठा वाद झाला. झाडं छाटल्याने जंगल जातं, असं वनखात्याचं म्हणणं. राबाशिवाय भात होत नाही, असं शेतकऱ्यांचं. पुण्याच्या शेतकी कॉलेजचे प्राचार्य हॅरॉल्ड मॅन यांनी जोशी आणि कानिटकर या सहकाऱ्यांसह राबाचा रासायनिक अभ्यास केला, तो १९१२ मध्ये प्रसिद्ध झाला. राबाचा फायदा राखेतल्या खतापुरता नाही, तापल्याने मातीतच बदल होतो आणि रोपाला अन्न सहज मिळतं, ही बाजू त्यातून पुढे आली.

आपल्या प्रश्नासाठी राबातली काटकसर महत्त्वाची आहे. शेतकरी सगळं शेत भाजत नाही. साधारण दहावा हिस्सा क्षेत्र भाजतो, वर्षातून एकदा, आणि झाड मुळापासून न तोडता फांद्या घेतो. उष्णता हवेला न देता थेट मातीला देतो. कमी जागा, कमी वेळ आणि मोठा परिणाम. आज कृषी विभाग राब नको म्हणतो, कारण मातीतला सेंद्रिय अंश आणि झाडांचा पाला दोन्ही जळतात, आणि ते म्हणणं मला पटतं. पण उष्णता कुठे खर्चावी याची समज राबात पक्की होती.

८. आग कुठे परवडते

हीच कसोटी लावली तर आजही परवडणाऱ्या जागा सापडतात. कोंबडीच्या पिल्लांना पहिल्या आठवड्यात ३३-३५ अंश ऊब लागते. पोल्ट्रीवाला सगळी शेड तापवत नाही. पडदे लावून एक कोपरा आखतो आणि तेवढ्यातच बुखारी किंवा दिवे लावतो. दर आठवड्याला ऊब दोन-तीन अंशांनी उतरवतो आणि जागा वाढवत नेतो. गारठलेली पिल्लं एकावर एक चढून गुदमरतात. एका रात्रीची ऊब इथे जीव वाचवते, म्हणून ती महाग असली तरी स्वस्त ठरते. धूर बाहेर काढणारी नळी मात्र इथेही हवीच.

भाजीपाल्याची रोपवाटिका दुसरं उदाहरण. मिरचीचं बी उगवायला २५ अंशांच्या पुढची ऊब लागते, पण ती पहिले काही दिवसच. म्हणून पेरलेले ट्रे एकावर एक रचून प्लास्टिकने गुंडाळतात. एका छोट्या खोलीत हजारो रोपांची गरज भागते. अशी खोली तापवायला रात्री पाच-सात किलो लाकूड पुरावं.

फुलांच्या पॉलिहाऊसला उरतो तो दिनदर्शिकेचा उपाय. मावळातले गुलाब उत्पादक १४ फेब्रुवारीच्या बाजारासाठी डिसेंबरातच छाटणी धरतात. थंडी जास्त पडण्याची चिन्हं असतील, तर छाटणी चार दिवस अलीकडे ओढतात. ४ अंश ऊब विकत घेण्याऐवजी चार दिवस आधी काम करायचं. खर्च शून्य.

एवढं करूनही ज्याला भट्टी हवीच असेल, त्याने डोंगराकडे न पाहता भातगिरणीकडे पाहावं. इंद्रायणी आणि आंबेमोहर पिकवणाऱ्या या भागात १०० किलो भाताला सुमारे २० किलो तूस निघतं, आणि किलोभर तुसात साडेतीन युनिटांच्या आसपास उष्णता असते. माथ्याची फट बंद केली, आडवा पडदा ओढला आणि फक्त लाटेच्या दहा-पंधरा रात्री जाळलं, तर दीड टन तुसात भागतं. म्हणजे सात-साडेसात टन भाताचं तूस. एका गिरणीतून तेवढं सहज मिळावं. तूस जाळायला शेगडी वेगळ्या बनावटीची लागते आणि राख पुष्कळ होते, वजनाच्या १५ ते २० टक्के. पण कृषिशास्त्रज्ञ नारायण सावंत यांच्या चारसूत्री भातलागवडीत रोपवाटिकेच्या वाफ्यात नेमकी तुसाची काळसर राख मिसळायला सांगितलेली आहे. तिच्यातली सिलिका रोपाला मिळते, रोप काटक होतं. जानेवारीत पॉलिहाऊसच्या भट्टीतून निघालेली दोन-तीनशे किलो राख पोत्यात भरून कोरडी ठेवली, तर जूनमध्ये राब न भाजता भाताच्या वाफ्यांना घालता येते.